बँकेचा खातेउतारा ग्नूकॅशमध्ये घेताना: फाइल उतरवण्यापासून शिल्लक पैशापर्यंत जुळेपर्यंत

पूर्वी एखाद्या बचत खात्यावर महिनाभरात पगार, दोन-तीन धनादेश आणि चार वेळा एटीएममधून काढलेली रोकड एवढ्याच नोंदी होत असत, त्यामुळे पासबुक समोर ठेवून घरचा जमाखर्च हाताने लिहिणे सहज जमत असे. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि हे चित्र पालटले. चहाचे पंधरा रुपये, भाजीचे ऐंशी रुपये आणि रिक्षाचे बेचाळीस रुपये या सगळ्यांची आता खात्यावर स्वतंत्र ओळ उमटते आणि महिन्याकाठी शंभर-सव्वाशे नोंदी होणे ही सामान्य गोष्ट झाली आहे. इतक्या नोंदी हाताने टाकणारा माणूस तिसऱ्या महिन्यात कंटाळतो, म्हणून बँकेने दिलेली फाइल थेट हिशेबाच्या प्रणालीत घेणे हाच टिकाऊ मार्ग ठरतो.

मात्र हाताने नोंद करताना एका वेळी एकच चूक होते, तर फाइल आत घेताना एका चुकीच्या निवडीमुळे शंभर नोंदी एकदम चुकतात. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांमागे मी एकच कसोटी ठेवली आहे: ओळी आत आल्या म्हणजे आयात झाली असे मानू नये, खात्याची अखेरची शिल्लक बँकेच्या उताऱ्याशी पैशापर्यंत जुळली, की मगच ती झाली असे मानावे.

येथे उदाहरणासाठी ग्नूकॅश ही मुक्त आणि विनामूल्य प्रणाली घेतली आहे. ती १९९८पासून उपलब्ध आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, द्विनोंदी पद्धतीने (म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत नोंदवून) हिशेब ठेवते आणि सर्व माहिती आपल्याच संगणकावर राहते. दुसरी प्रणाली वापरणाऱ्यांना पडद्यावरील नावे वेगळी दिसतील, परंतु फाइल तयार करण्याचे काम जवळपास तसेच राहील.

खाते उघडणे आणि आरंभीची शिल्लक

नवीन हिशेबवही सुरू करताना चलन भारतीय रुपया निवडावे आणि बँकेच्या प्रत्येक खात्यासाठी मालमत्तेच्या गटात स्वतंत्र खाते उघडावे. बचत खाते, पगाराचे खाते आणि आवर्ती ठेव यांना एकाच खात्यात कोंबू नये, कारण बँक त्यांचे उतारे वेगवेगळे देते आणि आपल्याला प्रत्येक उताऱ्याची शिल्लक स्वतंत्रपणे जुळवायची आहे. क्रेडिट कार्ड हे देण्याच्या गटातील खाते असते; ते तेथेच उघडावे.

सुरुवात आर्थिक वर्षाच्या आरंभापासून, म्हणजे १ एप्रिलपासून, करणे सर्वांत सोयीचे असते, कारण व्याज, करकपात आणि विवरणपत्र यांचा संबंध याच वर्षाशी येतो. त्यासाठी ३१ मार्चच्या अखेरीस उताऱ्यावर असलेली शिल्लक पाहावी आणि खाते उघडताना ‘ओपनिंग बॅलन्स’ या टॅबमध्ये ती रक्कम ३१ मार्च या तारखेने भरावी. हा आकडा अंदाजाने किंवा पूर्णांकात भरण्याचा मोह टाळावा. आरंभी चाळीस पैशांचा फरक राहिला, तर तो बाराही महिने प्रत्येक ताळमेळात आडवा येतो आणि खऱ्या चुका त्याच्या आड लपतात.

बँकेकडून कोणत्या स्वरूपात फाइल घ्यावी

नेटबँकिंगमध्ये खातेउतारा उतरवताना बहुधा पीडीएफ, एक्सेल आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) असे पर्याय दिसतात, आणि क्वचित ओएफएक्स किंवा क्यूआयएफ ही हिशेबाच्या प्रणालींसाठीची स्वरूपेही असतात. ओएफएक्स मिळत असेल तर विचार न करता तेच घ्यावे. हे स्वरूप १९९७ साली आर्थिक माहितीच्या देवाणघेवाणीसाठीच तयार झाले आणि त्यात प्रत्येक व्यवहाराला बँकेने दिलेला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो, त्यामुळे तीच फाइल चुकून दुसऱ्यांदा घेतली तरी प्रणालीला दुबार नोंदी ओळखता येतात. क्यूआयएफ हे त्याहून जुने स्वरूप आहे. त्यात असा ओळखक्रमांक नसतो आणि तारखेत दिवस आधी की महिना आधी हेही निश्चित नसते, म्हणून त्याच्याऐवजी सीएसव्ही बरी.

आपल्याकडे बहुतेकांच्या वाट्याला सीएसव्ही किंवा एक्सेल येते, त्यामुळे हा लेख मुख्यतः त्यांविषयी आहे. काही वेळा एक्सेलच्या नावाने मिळालेली फाइल प्रत्यक्षात टॅबने रकाने पाडलेला साधा मजकूर असते. अशी फाइल उघडताना तिचे स्वरूप आणि विस्तार जुळत नाहीत असा इशारा येतो. त्याने घाबरण्याचे कारण नाही. फाइल मजकूर म्हणून उघडून विभाजक म्हणून टॅब निवडला की रकाने व्यवस्थित दिसतात.

फक्त पीडीएफ मिळत असेल, तर टॅब्युला हे मुक्त साधन पीडीएफमधील तक्ते उचलून सीएसव्ही करून देते आणि ते आपल्या संगणकावरच चालते. छायाचित्रासारख्या स्कॅन केलेल्या पीडीएफवर ते चालत नाही. लांबलचक तपशील पीडीएफमध्ये दोन-तीन ओळींत मोडलेला असतो, त्यामुळे या मार्गाने आलेल्या तक्त्यात अर्धवट ओळी जोडण्याचे काम हाताने करावे लागते. पीडीएफचे एक्सेल करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर आपला खातेउतारा चढवू नये, हे मी आग्रहाने सांगेन: त्या कागदावर आपले नाव, पत्ता, खातेक्रमांक आणि आपण कोणाला किती पैसे देतो हे सारे एकत्र असते. आपले खाते एखाद्या लहान पतसंस्थेत असेल आणि तिच्याकडून केवळ छापील पासबुक मिळत असेल, तर त्या खात्याच्या नोंदी हातानेच कराव्यात. त्या संख्येने थोड्या असतात.

कालावधी निवडताना पूर्ण महिना घ्यावा, म्हणजे १ तारखेपासून महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत. ‘शेवटचे ३० दिवस’ असा तयार पर्याय सोयीचा वाटतो, पण तो दर वेळी मागील फाइलवर काही दिवस चढतो किंवा मध्ये एखादा दिवस सोडतो. सुरुवातीच्या काळात मी हाच पर्याय वापरत होतो आणि एका महिन्यात चार दिवसांच्या नोंदी दोनदा आल्या होत्या. त्या शोधून काढण्यात एक रविवार गेला.

मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी

उतरवलेली फाइल आर्थिक वर्षाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी, तिच्या नावात खाते आणि महिना लिहावा आणि त्यानंतर तिला हात लावू नये. सर्व दुरुस्त्या तिच्या प्रतीवर कराव्यात. पुढे एखाद्या नोंदीविषयी शंका आली, तर बँकेने नेमके काय दिले होते हे पाहण्याची ही एकमेव जागा असते.

तारखा, रकमा, क्रमांक आणि तपशील

प्रत उघडण्यासाठी एक्सेलसारखीच, पण विनामूल्य असलेली लिब्रऑफिस कॅल्क ही प्रणाली चांगली, कारण सीएसव्ही उघडताना ती आधी एक खिडकी दाखवते आणि प्रत्येक रकाना कोणत्या प्रकारचा आहे हे आपल्याला विचारते. फाइलवर नुसते दोनदा क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडली, तर हा निर्णय एक्सेल स्वतःच घेते आणि बऱ्याचशा चुका तेथेच शिरतात.

पहिली चूक तारखेची होते. बँक ०३/०४/२५ असे लिहिते तेव्हा तिला ३ एप्रिल म्हणायचे असते, परंतु संगणकाची भाषा अमेरिकी इंग्रजी ठेवलेली असेल तर ती तारीख ४ मार्च होते. १३/०४/२५ ही तारीख मात्र तेराव्या महिन्याअभावी बदलत नाही आणि मजकूर म्हणून तशीच राहते. त्यामुळे रकान्यातील काही तारखा उजव्या कडेला आणि काही डाव्या कडेला चिकटलेल्या दिसल्या, की निम्म्या तारखा चुकल्या आहेत हे खात्रीने समजावे. उपाय सोपा आहे: उघडतानाच्या खिडकीत तारखेच्या रकान्यासाठी ‘डेट डीएमवाय’ हा प्रकार निवडावा. तारखा आधीच मजकूर म्हणून आल्या असतील, तर ‘डेटा’ मेनूतील ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ वापरून तोच प्रकार लावता येतो. त्यानंतर रकान्याला वर्ष-महिना-दिवस, म्हणजे २०२५-०४-०३, असे रूप द्यावे, कारण या क्रमात संदिग्धता उरत नाही.

उताऱ्यात पुष्कळदा दोन तारखा असतात: व्यवहाराची तारीख आणि मूल्य तारीख. दुसरी तारीख व्याज मोजण्यासाठी असते. धनादेश वटताना किंवा सुटीच्या दिवशी या दोन तारखांत अंतर पडते. आपण नेहमी व्यवहाराची तारीखच घ्यावी, कारण उताऱ्यातील शिल्लक सहसा त्याच क्रमाने मांडलेली असते.

रकमांच्या बाबतीत अडचण स्वल्पविरामाची असते. आपण १,२५,०००.०० असे लिहितो. सीएसव्हीमध्ये स्वल्पविराम हाच रकान्यांचा विभाजक असल्याने अवतरणचिन्हांत न ठेवलेली ही एक रक्कम तीन रकान्यांत फुटते. तपशिलात दुकानाच्या नावात स्वल्पविराम असेल, तरीही पुढचे सर्व रकाने एक घर सरकतात. हे ओळखण्यासाठी शिल्लक रकान्याच्या पुढे कोठे काही सांडले आहे का, एवढे वरून खाली पाहणे पुरते. रकमांचे रकाने संख्येच्या प्रकारात आणून त्यांचे स्वरूप स्वल्पविरामाविना, दोन दशांश स्थळांचे ठेवावे. पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन करताना कॅल्कमधील ‘सेव्ह सेल कंटेंट ॲज शोन’ ही खूण चालू असल्यास पडद्यावर दिसते तसेच फाइलमध्ये उतरते, म्हणून स्वरूप आधी नीट करणे महत्त्वाचे. काही उताऱ्यांत रक्कम एकाच रकान्यात असते आणि तिच्यापुढे ‘सीआर’ किंवा ‘डीआर’ लिहिलेले असते. तेथे रक्कम आणि अक्षरे वेगळी करून जमेचा (आलेल्या पैशांचा) आणि नावेचा (गेलेल्या पैशांचा) असे दोन स्वतंत्र रकाने तयार करावेत.

संदर्भक्रमांक हे आकड्यांनी लिहिलेले असले तरी त्या संख्या नव्हेत. यूपीआयचा संदर्भक्रमांक १२ अंकी असतो, एनईएफटीचा यूटीआर (म्हणजे व्यवहाराचा संदर्भक्रमांक) १६ अक्षरांचा आणि आरटीजीएसचा २२ अक्षरांचा. धनादेशाचा क्रमांक सहा अंकी असून त्याच्या आरंभी शून्ये असू शकतात. हा रकाना संख्या म्हणून उघडला तर आरंभीची शून्ये जातात, लांब क्रमांक घातांकाच्या रूपात दिसू लागतात आणि पंधरा अंकांपुढचे आकडे कायमचे शून्य होतात. म्हणून हा रकाना ‘टेक्स्ट’ प्रकारातच उघडावा. तक्रार करायची वेळ आली की बँक सर्वप्रथम हाच क्रमांक विचारते.

तपशिलाच्या रकान्यावर थोडा अधिक वेळ घालवावा असे मला वाटते, कारण पुढचे सगळे श्रम त्याच्यावर अवलंबून आहेत. यूपीआयच्या ओळीत व्यवहाराचा प्रकार, घेणाऱ्याचे नाव, त्याचा यूपीआय पत्ता, बँकेचा संकेतांक, संदर्भक्रमांक आणि शेरा हे सर्व तिरप्या रेघांनी किंवा आडव्या रेघांनी जोडून एकच लांब साखळी केलेली असते. ग्नूकॅश जुन्या नोंदींवरून नवीन नोंदीचे खाते ओळखायला शिकते, परंतु त्यासाठी ते तपशिलाचे शब्द पाडते आणि हे शब्द मोकळ्या जागेवरून पाडते. साखळीत मोकळी जागाच नसेल तर संपूर्ण साखळी हा एक शब्द ठरतो, आणि त्यात संदर्भक्रमांक असल्यामुळे तो शब्द पुन्हा कधीच येत नाही. परिणामी वर्षभर एकाच दुधवाल्याला पैसे देऊनही प्रणाली त्याला ओळखत नाही. यावर उपाय एवढाच, की तपशिलाच्या रकान्यात ‘शोधा आणि बदला’ वापरून तिरप्या आणि आडव्या रेघांच्या जागी मोकळी जागा घालावी. या एका बदलाने माझ्या नोंदींपैकी कितीतरी अधिक नोंदींना योग्य खाते आपोआप लागू लागले.

आत घेण्यापूर्वीची बेरीज

तक्ता स्वच्छ झाल्यावर तो लगेच आत घेऊ नये. आरंभीच्या शिल्लकेत सर्व जमा मिळवाव्यात, सर्व नावे रकमा वजा कराव्यात आणि उत्तर अखेरच्या शिल्लकेशी ताडून पाहावे. समजा, आरंभीची शिल्लक ४८,३१२.४० रुपये आहे, महिन्यात ७२,६५०.०० रुपये जमा झाले आणि ६१,९०८.७५ रुपये गेले. मग अखेरची शिल्लक ५९,०५३.६५ रुपयेच असली पाहिजे. एका पैशाचाही फरक असेल तर फाइलमध्ये एखादी ओळ कमी किंवा जास्त आहे, किंवा रक्कम चुकीच्या रकान्यात गेली आहे.

फरक नेमका कोठे पडला हे शोधण्यासाठी बाजूला एक रिकामा रकाना घ्यावा आणि प्रत्येक ओळीत मागील ओळीची शिल्लक, अधिक या ओळीची जमा, वजा या ओळीची नावे रक्कम, वजा या ओळीची शिल्लक असे सूत्र मांडून उत्तर दोन दशांशांपर्यंत पूर्ण करावे. सर्व ओळींत शून्य आले पाहिजे. जेथे येत नाही तेथेच गडबड आहे. उतारा उलट क्रमाने, म्हणजे नवीन नोंद वर अशा पद्धतीने, मिळाला असेल तर हे सूत्र लावण्यापूर्वी ओळींचा क्रम उलटा करून घ्यावा. तो नुसता तारखेनुसार लावला तर एकाच दिवसातील नोंदी मागेपुढे होतात, म्हणून आधी ओळींना अनुक्रमांक द्यावेत आणि त्या क्रमांकांनुसार उलट लावावे.

नावे आणि जमा यांचा घोटाळा

बँकेच्या उताऱ्यावर पगार ‘क्रेडिट’ म्हणून दिसतो, तर हिशेबाच्या पुस्तकांप्रमाणे आपल्या बँक खात्यात आलेली रक्कम ‘डेबिट’ असते, आणि येथे अनेक जण अडखळतात. यात कोणाचेही चुकलेले नाही. उतारा हा बँकेच्या खतावणीतील आपल्या पानाची नक्कल असतो. आपण ठेवलेले पैसे हे बँकेच्या दृष्टीने आपल्याला परत करायचे देणे आहे, म्हणून ते वाढले की ती आपल्या नावावर जमा करते. आपल्या स्वतःच्या वहीत मात्र तेच पैसे आपली मालमत्ता आहेत, आणि मालमत्ता वाढली की ती नावे पडते. दोन वह्या एकमेकींच्या आरशातील प्रतिमा आहेत. व्यवहारात एवढे लक्षात ठेवावे की उताऱ्यातील ‘क्रेडिट’ म्हणजे आपल्याकडे आलेले पैसे आणि ‘डेबिट’ म्हणजे गेलेले पैसे, आणि रकाने ठरवताना इंग्रजी शब्दांकडे न पाहता पैसे आले की गेले एवढेच पाहावे.

प्रत्यक्ष आयात

सर्वप्रथम ग्नूकॅशच्या फाइलची प्रत दुसरीकडे ठेवावी. ही फाइल एक्सएमएल किंवा एसक्यूलाइट अशा स्वरूपांत जतन करता येते. ती एक्सएमएल स्वरूपात असेल तर आयात बिघडल्यावर ती जतन न करता बंद केली की सर्व पूर्ववत होते. एसक्यूलाइट स्वरूपात प्रत्येक बदल तत्काळ जतन होत असल्याने ही सोय मिळत नाही. नवशिक्या व्यक्तीने याच कारणासाठी एक्सएमएल निवडावे, असे माझे मत आहे.

‘फाइल’ मेनूतील ‘इम्पोर्ट’ या उपमेनूत सीएसव्हीतून व्यवहार घेण्याचा पर्याय आहे. तो निवडून फाइल दाखवल्यावर तिचा नमुना आणि त्याच्या भोवती अनेक निवडी दिसतात. विभाजक स्वल्पविराम ठेवावा. अक्षरसंकेत यूटीएफ-८ निवडावा. तसे न केल्यास देवनागरीतील शेरे चौकोनांत किंवा अगम्य चिन्हांत बदलतात. उताऱ्याच्या माथ्यावर नाव, पत्ता, शाखा आणि रकान्यांची शीर्षके अशा दहा-वीस ओळी असतात आणि शेवटी बेरजा किंवा सूचना असतात. वरच्या किती आणि खालच्या किती ओळी वगळायच्या हे तेथे सांगता येते, आणि वगळलेल्या ओळी नमुन्यात वेगळ्या दिसतात. तारखेचे स्वरूप आपण केले आहे तेच, म्हणजे वर्ष-महिना-दिवस, आणि रकमेचे स्वरूप दशांशासाठी टिंब असलेले निवडावे. ‘अकाउंट’ या निवडीत हा उतारा ज्या खात्याचा आहे ते खाते काळजीपूर्वक ठरवावे; बचत खात्याचा उतारा चुकून दुसऱ्या खात्यात गेला, तर दोन्ही खाती बिघडतात.

आता नमुन्यातील प्रत्येक रकान्याच्या माथ्यावर तो कशाचा आहे हे निवडायचे असते. तारखेला ‘डेट’, तपशिलाला ‘डिस्क्रिप्शन’ आणि संदर्भक्रमांकाला ‘नंबर’ द्यावे. आलेल्या आणि गेलेल्या पैशांच्या रकान्यांची नावे आवृत्तीनुसार बदलतात. जुन्या आवृत्त्यांत ती ‘डिपॉझिट’ आणि ‘विथड्रॉवल’ अशी होती. पाचव्या मालिकेत, म्हणजे ५.० आणि तिच्या पुढच्या आवृत्त्यांत, आलेल्या रकमेसाठी ‘अमाउंट’ आणि गेलेल्या रकमेसाठी त्याचाच ‘निगेटेड’ म्हणजे चिन्ह उलटलेला प्रकार निवडावा लागतो. शिल्लक आणि मूल्य तारीख यांचे रकाने रिकामे सोडावेत. क्रेडिट कार्डाच्या उताऱ्यात खरेदी धन चिन्हाने छापलेली असते, म्हणून तेथे खरेदीच्या रकमेला ‘निगेटेड’ आणि भरण्याला साधे ‘अमाउंट’ लागू होते.

हे सर्व ठरल्यावर त्याच पडद्यावर या निवडी एखाद्या नावाने जतन करता येतात. प्रत्येक बँकेसाठी एक असे नाव ठेवले की पुढच्या महिन्यात हे काम काही सेकंदांचे होते.

दुसरी बाजू ठरवणे

द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक व्यवहाराला दुसरे खाते लागते आणि उताऱ्यात ते नसते. म्हणून पुढच्या पडद्यावर सर्व नोंदी यादीने दिसतात आणि प्रत्येकीसाठी दुसरे खाते मागितले जाते. ओळीवर दोनदा क्लिक करून किराणा, वीजबिल, औषधे अशी खाती नेमावीत. एकाच प्रकारच्या अनेक ओळी निवडून त्यांना एकदम खाते देता येते. ज्यांना खाते दिले जात नाही त्यांची दुसरी बाजू ‘इम्बॅलन्स-आयएनआर’ नावाच्या खात्यात जाते. तेथे चार-दोन नोंदी तात्पुरत्या राहायला हरकत नाही, पण महिनाअखेर ते खाते शून्य झाले पाहिजे.

खाती शक्यतो याच पडद्यावर नेमावीत, नंतर वहीत जाऊन बदलू नयेत, कारण प्रणाली आयातीच्या वेळी दिलेल्या उत्तरांवरूनच शिकते. त्याच कारणाने वर्षाचा साचलेला उतारा एकदम न घेता महिना-महिना घ्यावा. एप्रिलमध्ये शंभर ओळींना हाताने खाते द्यावे लागेल, मे महिन्यात त्याहून कमी आणि ऑगस्टपर्यंत मोजक्याच ओळी उरतील. एखादी चुकीची सवय लागली असेल, तर ‘टूल्स’ मेनूतील ‘इम्पोर्ट मॅप एडिटर’मध्ये ती पुसता येते.

सर्वांत जास्त घोळ स्वतःच्याच दोन खात्यांमधील व्यवहारांनी होतो. बचत खात्यातून क्रेडिट कार्डाचे १२,००० रुपये भरले, तर बचत खात्याच्या उताऱ्यात ते गेलेले आणि कार्डाच्या उताऱ्यात आलेले असे दोनदा दिसतात, पण वहीत तो एकच व्यवहार असला पाहिजे. बचत खात्याचा उतारा घेताना दुसरे खाते म्हणून क्रेडिट कार्ड नेमावे. मग कार्डाचा उतारा घेताना प्रणाली रक्कम आणि जवळची तारीख पाहून हा व्यवहार आधीच आहे असे सुचवते. ओळीपुढे ‘ए’, ‘यू अधिक सी’ आणि ‘सी’ असे खुणेचे रकाने असतात. ‘ए’ म्हणजे नवीन नोंद घाला, ‘सी’ म्हणजे जुन्या नोंदीशी जुळवा, आणि ‘यू अधिक सी’ म्हणजे जुळवून तिच्यात नवीन माहितीही भरा. अशा ओळींना ‘सी’ची खूण आहे की नाही हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहावे. दोन उताऱ्यांतील तारखांत एक-दोन दिवसांचा फरक असला तरी तो व्यवहार एकच असतो.

एटीएममधून काढलेली रक्कम खर्च म्हणून लिहू नये. ती बँकेतून खिशात आली आहे, म्हणून दुसरे खाते ‘रोकड’. यूपीआय लाइट या ॲपमधील छोट्या खर्चांच्या पाकिटाचेही तसेच आहे. त्यात पैसे भरल्याची एक ओळ उताऱ्यावर येते, मात्र त्यातून केलेले छोटे खर्च बँकेच्या उताऱ्यावर येत नाहीत. म्हणून मालमत्तेत त्यासाठी स्वतंत्र खाते उघडावे आणि महिनाअखेर ॲपमधील शिल्लक पाहून झालेला खर्च एका नोंदीने दाखवावा. अयशस्वी होऊन परत आलेल्या यूपीआय व्यवहाराच्या दोन्ही ओळी ठेवाव्यात आणि दोन्हींना तेच खाते द्यावे, म्हणजे त्या एकमेकींना छेदतात; त्या पुसून टाकल्या तर उताऱ्याशी मेळ बसत नाही. गृहकर्जाचा हप्ता उताऱ्यावर एका रकमेत दिसतो, परंतु त्यातील मुद्दल कर्जखात्यात आणि व्याज खर्चात जाते, आणि ही फोड बँकेच्या परतफेड तक्त्यावरून दर महिन्याला आपणच करायची असते. पगार आणि ठेवींवरील व्याज यांचेही तेच. हातात आलेली रक्कम करकपातीनंतरची असते, म्हणून पूर्ण उत्पन्न एकीकडे आणि कापलेला कर दुसरीकडे दाखवणारी नोंद हाताने वाढवावी.

ताळमेळ आणि फरक शोधणे

नोंदी आत आल्यावर खाते उघडून ‘ॲक्शन्स’ मेनूतील ‘रिकन्साइल’ निवडावे. तेथे उताऱ्याची शेवटची तारीख आणि अखेरची शिल्लक भरावी, उताऱ्यातील प्रत्येक नोंदीपुढे खूण आहे का पाहावे आणि खाली दाखवलेला फरक शून्य झाल्यावरच ताळमेळ पूर्ण करावा. फरक उरला तर प्रणाली तो भरून काढणारी नोंद करू देते. ती कधीही करू नये. तिने चूक दुरुस्त होत नाही, फक्त दिसेनाशी होते.

चूक कोठे आहे याचा माग बहुधा फरकाचा आकडाच देतो. तो एखाद्या व्यवहाराच्या रकमेइतका असेल, तर तो व्यवहार राहून गेला आहे किंवा दोनदा आला आहे. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या व्यवहाराशी जुळत असेल, तर तो व्यवहार उलट्या चिन्हाने गेला आहे: पैसे गेले होते आणि आपण ते आल्याचे दाखवले, किंवा त्याउलट. हाताने केलेल्या नोंदींच्या बाबतीत फरकाला नऊने निःशेष भाग जात असेल, तर दोन शेजारचे अंक उलटसुलट पडल्याची शक्यता असते, जसे ५४० ऐवजी ४५०. आणि फरक मागील महिन्यातीलच असेल, तर या महिन्याच्या नोंदी तपासण्यात वेळ न घालवता जुळवलेली जुनी एखादी नोंद कोणी बदलली किंवा पुसली का, ते आधी पाहावे.

ही शेवटची शक्यता टाळण्यासाठी ‘फाइल’ मेनूतील ‘प्रॉपर्टीज’मध्ये एक सोय आहे. ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या नोंदी केवळ वाचता येतील, बदलता येणार नाहीत, अशी मर्यादा तेथे दिवसांच्या आकड्याने घालता येते, आणि वहीत त्या जागी लाल रेघ उमटते. मी ती ९० दिवसांवर ठेवली आहे, कारण परत आलेला माल, उशिरा मिळालेला परतावा किंवा वादातील कार्डव्यवहार यांच्यामुळे मागील दोन-तीन महिन्यांत जावे लागते, पण त्यापलीकडे फारसे जावे लागत नाही.